शाळेचा बँड की स्ट्रिंग्ज? मुलांबरोबर घरानेही काय तयारी ठेवावी

गुलबक्षी, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी. लेक सप्टेंबरमध्ये चौथीत जाईल. आमच्या शाळेत चौथीपासून वाद्य शिकवतात आणि निवड आत्ताच, मे महिन्यात, कळवायची आहे. स्ट्रिंग्ज म्हणजे तंतुवाद्यं घेतली तर व्हायोलिन, व्हिओला (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं आणि खालच्या स्वरांचं), चेलो किंवा डबल बास. बँड घेतला तर फ्लूट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन नाहीतर परकशन. आठवड्यातून एकदा चार-पाच मुलांना वर्गातून बोलावून शिकवतात आणि एक दिवस शाळा भरण्याआधी सगळ्यांची एकत्र तालीम असते. शिकवण्याचे पैसे नाहीत, वाद्य आपलं.

फॉर्मवर पालकांची सही हवी आहे आणि ती नुसत्या परवानगीची नाही. घरी आठवड्यातले पाच दिवस वीस-वीस मिनिटं सराव होईल, तालमीला आणि कॉन्सर्टला मूल हजर राहील, याची हमी आम्ही द्यायची आहे. तिथेच मी अडलेय. आम्ही दोघंही नोकरी करतो. सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. धाकटा किंडरगार्टनमध्ये आहे आणि संध्याकाळी लवकर झोपतो. मी विशारदपर्यंत गाणं शिकले आहे, पण पाश्चात्त्य नोटेशन अजिबात वाचता येत नाही. नवरा ऐकण्यातला दर्दी आहे, वाजवण्यातला नाही.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी सांगा: वाद्य कसं निवडलंत, खर्च किती येतो, आणि ज्याला त्या संगीताची भाषा येत नाही त्या आईबापांनी सरावाला नक्की काय मदत करायची?

तिसरीघंटा, कनेक्टिकट

निर्धास्त सही करा. आमच्याकडे एक ट्रॉम्बोन आणि एक चेलो.

खर्चाचं आधी. वाद्य विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. व्हायोलिनला आमच्याकडे महिन्याला २० ते ३० डॉलर पडतात. चेलो आणि सॅक्सोफोनला बरेच जास्त. करारात तीन गोष्टी बघून घ्या: तुटफूट झाली तर दुरुस्ती भाड्यात धरलेली आहे का, भरलेलं भाडं पुढे खरेदीच्या किमतीतून वळतं होतं का, आणि मूल वाढलं की मोठ्या मापाचं वाद्य बदलून मिळतं का. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत येतं. चौथीतलं मूल साधारण अर्ध्यावर किंवा पाऊणवर असतं, म्हणजे दोन-तीन वर्षांत एकदा तरी बदलावं लागणारच.

डबल बास, ट्यूबा, बॅरिटोन अशी मोठी वाद्यं बऱ्याच शाळांकडे स्वतःची असतात. तुमच्या शाळेला विचारा. भाडं परवडत नसेल तर तेही मोकळेपणी विचारा, शिक्षकांच्या कपाटात काही ना काही असतं. आमच्या मुलाचा पहिला ट्रॉम्बोन तसाच मिळाला होता.

चाफा, बे एरिया

मी थोडा विरोधी सूर लावते.

आपल्या मुलांचे आठवडे बघा. रविवारी मराठी शाळा, शनिवारी सकाळी भारतातल्या गुरुजींकडे ऑनलाइन गाणं, मध्ये पोहणं, गणिताचा क्लास. त्यात आणखी एक रोजचा सराव घातला की सगळंच थोडं थोडं होतं आणि कशातच खोली येत नाही. गुलबक्षी, तुम्ही स्वतः विशारद आहात. घरात तानपुरा आहे, शिकवणारी आई आहे. मुलीला नऊ-दहा वर्षांची असताना आपला षड्ज पक्का करू द्या. बँड दहा वर्षांनीही असेल, आईजवळ बसून शिकण्याचं वय नसेल.

आणि वर्गातून उठून जायचं, बुडालेला अभ्यास आपला आपण भरून काढायचा, हे मला अजिबात पटत नाही.

पांढरीचार, मॅसॅच्युसेट्स

मी इथल्या एका सरकारी शाळेत स्ट्रिंग्ज शिकवते. माझं स्वतःचं बालपण मिरजेत गाणं शिकण्यात गेलं, म्हणून या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवलं नाही. लांबेल.

आधी चाफा यांचा शेवटचा मुद्दा. बहुतेक ठिकाणी या तासांचं वेळापत्रक फिरतं असतं. या आठवड्यात गणिताच्या वेळी, पुढच्या आठवड्यात वाचनाच्या वेळी, त्यानंतर विज्ञानाच्या. एकाच विषयावर गदा येऊ नये म्हणूनच ते तसं आखतात. तरी ज्या मुलाला वर्गात आधीच ओढाताण होते आहे, त्याच्या वर्गशिक्षकांशी बोलूनच ठरवावं. काही राज्यांत हा प्रश्नच येत नाही, कारण सुरुवात सहावीत होते आणि वाद्याचा रोज स्वतंत्र तास असतो.

आता गुलबक्षी यांचा खरा प्रश्न. नोटेशन न येणाऱ्या आईने काय करायचं?

स्ट्रिंग्जची मुलं जवळजवळ सगळीकडे डी मेजरने, म्हणजे डी ला सा धरलेल्या बिलावलाने, सुरुवात करतात. डी म्हणजे आपली पांढरी दोन, पेटीवर सी ला पांढरी एक धरली की तिच्या पुढची पांढरी पट्टी. व्हायोलिनच्या चार तारा जाड्या बाजूने पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन अशा लागतात. पांढरी दोनला सा धरला तर पुढची मोकळी तार बरोबर पंचमाची. म्हणजे एका तारेवर सा रे ग म आणि दुसरीवर प ध नी सां. दोन्हीकडे बोटं त्याच जागी पडतात, कारण बिलावलात सा-रे-ग-म आणि प-ध-नी-सां यांच्यातली अंतरं सारखीच आहेत. व्हिओला आणि चेलोवरही याच नावाच्या दोन तारा आहेत. तानपुऱ्याचं ॲप पांढरी दोनला लावून ठेवा आणि मुलीला त्यावर सावकाश, लांब गज ओढत वाजवू द्या. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात, स्वर कानानेच शोधावा लागतो. तिसरं बोट मागे पडलं की तुमचा मध्यम दुखेल आणि तुम्हाला ते माझ्याआधी कळेल. माझ्या वर्गात ज्या मुलांच्या घरी गाणं आहे ती मुलं स्वर लवकर पकडतात. चाफा, घरातली गाण्याची बैठक इथे खर्ची पडत नाही, ती इथे उपयोगी पडते.

बँड घेतलात तर एक वेगळी गंमत आहे. तिथे बरीच वाद्यं कागदावर लिहितात एक आणि वाजतात दुसरं. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर मुलगी सी वाजवते तेव्हा पेटीवर काळी पाच ऐकू येते. आल्टो सॅक्सोफोनवर सी वाजवला की काळी दोन. फ्रेंच हॉर्नवर पांढरी चार. फ्लूट आणि ट्रॉम्बोन मात्र लिहिल्याप्रमाणे वाजतात. हे ठाऊक नसलेले पालक घरच्या कीबोर्डवर सी दाबतात, जुळत नाही, आणि मुलाला 'बेसूर वाजवतोस' म्हणतात. मूल बरोबर असतं. म्हणून बँडवाल्या मुलासाठी तानपुरा काळी पाचला लावा, कारण बँडचे पहिले धडे बी फ्लॅटच्या, म्हणजे काळी पाचच्या, आसपासच असतात.

वाद्य निवडताना मुलाचा कान विचारात घ्या, आपली हौस नको. आपल्याकडे व्हायोलिन आणि फ्लूट यांच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही. शाळेत वाद्यं हाताळून बघायची एक संध्याकाळ असते, तिथे मुलांना प्रत्येक वाद्यातून एक तरी आवाज काढू द्या. फ्लूटला आडवी फुंक लागते. घरात कोणी बासरी वाजवत असेल तर त्या मुलाला तो कोन आधीच माहीत असतो. क्लॅरिनेटची नळी एका बाजूने बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे मागची कळ दाबली की स्वर सप्तकाने वर न जाता थेट बाराव्या स्वरावर उडी मारतो. पहिल्या वर्षी मुलं तिथेच अडखळतात आणि वाद्य किंचाळतं. ट्रम्पेटला कळा तीनच, पण त्याच कळांवर ओठांच्या ताणाने पाच-सहा वेगळे स्वर निघतात. हवा तो स्वर आधी डोक्यात ऐकू यावा लागतो. म्हणून गाण्याच्या घरातलं मूल पितळी वाद्यांवर फार छान तयार होतं, आणि आपले पालक नेमके तिकडेच वळत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

शेवटचं. ऑनलाइन मिळणारी अगदी स्वस्त, रंगीत व्हायोलिनं कृपया घेऊ नका. खुंट्या सरकतात, घोडी वाकडी बसते, तार धड लागत नाही. दुरुस्तीवाले ती हातात घ्यायला तयार नसतात. मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

गुलबक्षी

पांढरीचार, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावलाय. पांढरी दोनचं वाचल्यावर सासूबाईंनी लगेच पेटी काढून सा-प लावून बघितलं.

रोजची वीस मिनिटं कोणत्या वेळी बसवता, हे कोणी सांगेल का? आमच्याकडे संध्याकाळचे सहा ते आठ म्हणजे नुसती धावपळ असते.

तिसरीघंटा

सकाळी, शाळेच्या बसआधी. ट्रॉम्बोन असूनही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं. संध्याकाळी मूल दमलेलं असतं आणि आपणही.

आणि वाद्य पेटीत बंद ठेवू नका. चेलो आमच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात आडवा ठेवलेला असे, गज भिंतीवरच्या खुंटीला, म्युझिक स्टँड कायम उघडा. पेटी काढा, उघडा, रोझिन (गजाला लावायची राळ) शोधा, यातच मुलांचा उत्साह जातो. गज मात्र वाजवून झाल्यावर प्रत्येक वेळी सैल करायचा, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

निवृत्तमास्तर, पुणे (सध्या ओहायो)

मुलीकडे आलो आहे. नात पाचवीत व्हायोलिन शिकते. मी स्वतः हौशी वादक आहे. आमच्या पिढीला व्हायोलिन म्हटलं की प्रभाकर जोगांचं गाणारं व्हायोलिन आणि व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्या मैफली आठवतात. तेव्हा आजी-आजोबांसाठी दोन शब्द.

आपण मांडी घालून बसतो आणि वाद्याचं टोक पायावर टेकवतो. त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, लांबवर घेता येते. इथे मूल उभं राहून किंवा खुर्चीत ताठ बसून, वाद्य खांदा आणि हनुवटी यांच्यामध्ये धरून वाजवतं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी शास्त्रशुद्ध आहेत. आपण आपल्या तारा षड्ज-पंचमात लावतो, तेही इथल्यापेक्षा वेगळं. पहिल्या दोन वर्षांत नातवंडांना दोन्ही धरणी एकदम दाखवू नयेत. हाताची सवय बिघडते आणि शाळेतल्या शिक्षकांचं काम दुप्पट होतं.

मी काय करतो ते सांगतो. नात वाजवते तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसून ऐकतो. हाताने ताल देतो. ती थांबली की मीही थांबतो. चूक काढत नाही. चुकलं की तिला कळतं, तिच्या कपाळावर दिसतं. ती मागे जाऊन पुन्हा वाजवते, आणि तसं वाजवलेलं टिकतं. शनिवारी मात्र आमची दोघांची बैठक असते. ती तिचा धडा वाजवते, मी तोच सरगममध्ये गातो, आणि मग तिच्या विनंतीवरून मी भूप वाजवतो.

कोकणकडा, इलिनॉय

परकशनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून तबला शिकतो, साहजिकच बँडमध्ये परकशन मागितलं. घरी आला तो एक रबरी पॅड, दोन काठ्या आणि घंटांची एक छोटी पेटी घेऊन. त्या पेटीत धातूच्या पट्ट्या पियानोच्या पट्ट्यांसारख्या मांडलेल्या असतात. पहिलं वर्षभर अर्धा वेळ त्यावर नोटेशन वाचून सूर वाजवायचे असतात. ड्रमसेट डोळ्यांपुढे ठेवून जाणाऱ्या मुलांचा इथे विरस होतो, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

तबल्याचा फायदा झाला का? लयीचा झाला, खूप. तिप्पट-चौपट त्याच्या अंगात होती. बोटांचा मात्र उपयोग नाही, कारण इथे सगळं मनगट आणि काठीच्या उसळीवर चालतं. नवी गोष्ट होती ती थांबण्याची. तबलजी सलग वाजवतो. बँडमध्ये तो तीस मात्रा मोजत गप्प उभा राहतो आणि एकतिसाव्या मात्रेवर एकच झांज वाजवतो. ती झांज चुकली तर सगळ्या सभागृहाला कळतं. हे शिकायला त्याला वेळ लागला आणि त्यातून आलेला संयम तबल्यातही दिसायला लागला. त्याचे गुरुजीच म्हणाले, साथीला बसल्यावर आता हा गाणाऱ्याकडे बघतो.

सह्याद्रीचालेक, टेक्सस

चौथी-पाचवीच्या चर्चेत हायस्कूलचं आणतोय, कारण 'घर सामील होणं' काय असतं ते तिथे खरं कळतं.

टेक्ससमध्ये सुरुवात बहुतेक सहावीत होते. हायस्कूलमध्ये बँड म्हणजे मार्चिंग बँड. ऑगस्टच्या उन्हात, शाळा सुरू होण्याआधी, पार्किंगच्या जागेत आखलेल्या रेघांवर कवायत सुरू होते. शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना, शनिवारी स्पर्धा. ऑक्टोबर संपेपर्यंत घराचं कॅलेंडर बँडचं असतं. गणपतीच्या सुट्टीच्या दिवसांचे कार्यक्रम, दिवाळी फराळ, मंडळाचं ढोल-ताशा पथक, सगळ्यांशी टक्कर होते. आम्ही घरात बसून ठरवलं: गणपतीच्या आरतीची वेळ बदलेल, बँडची बदलणार नाही. मुलीच्या शब्दावर रांगेत एक जागा अडलेली असते, ती रिकामी राहिली तर आकृतीला भोक पडतं.

अभ्यासाची काळजी असणाऱ्यांसाठी: इथे १९८४ पासून कायदा आहे की विषयात ७० च्या खाली गुण आले तर मुलाला स्पर्धेत किंवा कार्यक्रमात उतरता येत नाही. त्यामुळे बँडची मुलं एकमेकांचा अभ्यास घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय मार्चिंग बँडचं क्रेडिट शारीरिक शिक्षणाच्या विषयाऐवजी धरता येतं, म्हणजे वेळापत्रकात एक तास सुटतो.

पालकांचं काम म्हणजे बूस्टर क्लब, बँडला मदत करणारं पालकांचं मंडळ. गणवेश मोजून देणं, मैदानाकडेला पाण्याचे पिंप नेणं, मोठी वाद्यं ट्रकमध्ये चढवणं, सामन्याच्या दिवशी खाण्याच्या स्टॉलवर उभं राहून बँडसाठी पैसे जमवणं. पहिल्या वर्षी मी नुसता पाणी वाटत होतो. आज ज्या लोकांना अडीअडचणीला फोन करतो, त्यातले निम्मे त्या पाण्याच्या पिंपापाशी भेटलेले आहेत. इतकी वर्षं या गावात राहून शेजाऱ्यांशी जे नातं जुळलं नव्हतं ते तिथे जुळलं. हायस्कूलला वर्षाची फी मात्र काही शे डॉलर होते, त्याची तरतूद ठेवा.

चाफा

फीबद्दल एक माहिती. कॅलिफोर्नियात सरकारी शाळेला अशा उपक्रमांसाठी सक्तीची फी घेता येत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हार्टझेल विरुद्ध कॉनेल या खटल्यात ते ठरवलं आहे. देणगी मागतात, पण न देणाऱ्याच्या मुलाला बाहेर ठेवता येत नाही. आपल्या राज्यात काय नियम आहे ते प्रत्येकाने बघावं.

मूळ मुद्द्यावर माझं मत तेच आहे. सगळं करता येत नाही. पण कोकणकडा यांनी थांबण्याबद्दल जे लिहिलंय ते मात्र मनात राहिलं.

मांडवी, पणजी

गोव्याहून लिहितो. शाळेने मुलांच्या हाती व्हायोलिन देणं आमच्याकडे जुनं आहे. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सॉल्फेजिओ शिकवायचे, म्हणजे नोटेशन बघून स्वर म्हणणं, आणि त्याबरोबर व्हायोलिन. शेतकऱ्याचा मुलगाही कागद बघून वाजवू शके. तीच मुलं पुढे मुंबईत गेली आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांच्यावर उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं.

हे सांगायचं कारण चाफा यांच्या शंकेत आहे. गुरूसमोर बसून मिळतं ते कानातून कानात उतरतं आणि त्याला तोड नाही. पण अनोळखी कागद समोर आला, शेजारी अनोळखी माणूस बसला, आणि तिसऱ्या मिनिटाला पन्नास जण एकत्र वाजवू लागले, ही विद्या वेगळी आहे. ती एकट्याने घरी शिकता येत नाही. त्यासाठी शाळाच लागते. ती आयती मिळत असेल तर सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

गुलबक्षी

कळवायचं राहिलं होतं. वाद्यं हाताळायच्या संध्याकाळी घरातले सगळे गेलो होतो, सासूबाईंसकट. लेकीने व्हायोलिन, फ्लूट, ट्रम्पेट सगळं वाजवून बघितलं, आणि व्हिओलाची सगळ्यात जाडी तार ओढल्यावर मान वर करून आमच्याकडे बघितलं. 'हेच.' पुन्हा काही विचारावं लागलं नाही. सही केली.

गुलबक्षी (पुढच्या वर्षी, धागा वर काढतेय)

वर्ष झालं, लेक आता पाचवीत. पहिलं वर्ष छान गेलं. वेळ सकाळचीच बसवली. व्हिओलासाठी वेगळा क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला स्वर हे ठरवणारी नोटेशनमधली खूण) असतो, त्यात मधली रेघ म्हणजे मधला सी. मी आणि लेक तो एकत्रच शिकलो, आता मला तो व्हायोलिनच्या क्लेफपेक्षा सोपा वाटतो.

नवा प्रश्न आहे. गेल्या वर्षी सगळी मुलं एकच धून वाजवायची. यंदा तिच्या कागदावर धूनच नाही. एकच स्वर आठ वेळा, मग दोन मात्रा विश्रांती, मग दुसरा स्वर चार वेळा. घरी ती ते वाजवते तेव्हा काहीच लागत नाही हाताला. सासूबाई विचारतात, हे कुठलं गाणं? ती म्हणते, मलाच माहीत नाही. सरावाचा कंटाळा यायला लागलाय. काय करावं?

पांढरीचार

हा प्रश्न दरवर्षी आमच्याकडे येतो, आणि आपल्या घरांतून जास्त येतो, कारण आपल्या संगीतात सगळे एकाच धुनेभोवती असतात. गाणारा गातो, पेटी मागून येते, व्हायोलिन मागून येतं, पण जायचं सगळ्यांनी त्याच वाटेने. इथे पहिलं व्हायोलिन एक वाट चालतं, दुसरं त्याच्या खालून, व्हिओला आणखी खालून, आणि चेलो-बास जमीन धरून ठेवतात. या चार वाटा एकाच क्षणी मिळून जो रंग येतो त्याला हार्मनी म्हणतात. व्हिओलाचा स्वर बऱ्याचदा त्यातला गंधार असतो. तो शुद्ध की कोमल, यावर ती जागा उजळ की उदास हे ठरतं. तुमची मुलगी आठ वेळा जो एक स्वर वाजवतेय तो काढून घेतला तर धून तीच राहते, पण तिच्यातली माया जाते.

तिला हे सांगून कळणार नाही, ऐकवावं लागेल. शिक्षकांना ईमेल करून त्या तुकड्याचं संपूर्ण रेकॉर्डिंग मागा, बहुतेकांकडे असतं. ते लावून तिला त्याच्याबरोबर वाजवू द्या. किंवा धून कुठली ते शिक्षकांकडून घ्या, तुम्ही ती आकारात गा आणि तिला तिचा भाग खाली धरू द्या. तुमचा गळा तयार आहे, तुम्हाला हे सहज जमेल. तुम्ही धुनेवर आणि ती तिच्या एका स्वरावर ठाम, हे पहिल्यांदा जमलं की ती स्वतःच पुन्हा करायला सांगेल.

आणि जमलं तर दोघींनी एखाद्या तालमीला मागे बसून ऐका. कॉन्सर्टच्या आधी शिक्षक सहसा परवानगी देतात.

गुलबक्षी

करून बघितलं. धून शिक्षकांनी पाठवली, साधीच आहे, बिलावलातली. मी गायले, तिने खाली आपला स्वर धरला. मधल्या एका जागी तिचा स्वर बदलतो आणि माझा तोच राहतो, तिथे दोघींच्या अंगावर काटा आला. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पुन्हा म्हणा. आता त्या रोज सकाळी चहा घेऊन तिथेच बसतात, आणि लेक सरावाला स्वतःहून उभी राहते. माझ्या इतक्या वर्षांच्या गाण्याला हे दालन कधी दिसलंच नव्हतं. पांढरीचार, कसे आभार मानू?

चाफा

वाचून फार आनंद झाला. आमच्या धाकट्याने यंदा चेलो मागितलाय. शनिवारचं गाणं तसंच ठेवून सकाळची पंधरा मिनिटं द्यायची, असं ठरवतोय. एक व्यावहारिक अडचण: तो बसने जातो आणि बसमध्ये चेलो नेऊ देत नाहीत. काय करतात लोक?

तिसरीघंटा

आमच्याकडे एक चेलो शाळेत आणि एक घरी. शाळेतला तीन-चार मुलं आळीपाळीने वापरतात, घरचा भाड्याचा. मूल फक्त आपला गज आणि पुस्तक घेऊन जातं. आधी शिक्षकांना विचारा शाळेत चेलो किती आहेत, मगच भाड्याचा करार करा. पाऊण मापाचे चेलो सप्टेंबरमध्ये दुकानांत लवकर संपतात, तेव्हा जून-जुलैतच नाव नोंदवून ठेवा. आणि खालच्या टोकदार दांड्यासाठी जमिनीवर ठेवायचा पट्टा सोबत मागून घ्या, नाहीतर लाकडी फरशीला भोकं पडतात.

पांढरीचार

पट्ट्याबद्दल अनुमोदन. आणि चाफा, चेलोच्या पहिल्या दोन तारा तानपुऱ्यावर लावायच्या असतील तर त्याही पांढरी सहा आणि पांढरी दोनच, एक सप्तक खाली. ॲपवर खर्जातला षड्ज निवडा.